मोडीत काढलेले यंत्र

दसरा उलटला की आमच्या घरी मोडीचा ढीग पडू लागतो. कान गेलेली बादली, पाय लुळा पडलेली खुर्ची, गतवर्षीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा असा सारा लवाजमा ओटीवर जमतो आणि भंगारवाल्याची हाक येईपर्यंत तिथेच नांदतो. २०२५ च्या दिवाळीपूर्वी या ढिगावर एक काळा, जाडजूड लॅपटॉप जाऊन पडला. माझ्या पुतण्याने तो आदल्या रात्री ओटीवर ठेवला होता. सकाळी झाडलोट करताना आमच्या सौभाग्यवतींनी त्याचे रूप पाहिले आणि त्याची जागा ठरवून टाकली. पुतण्या धावतच आला. "काकी, यो भंगार नाय!"

न्हावा शेवा बंदराभोवती कंटेनरांची जी आवारे पसरली आहेत, त्यांतल्या एकात हा मुलगा कारकुनी करतो. तिथल्या कचेरीने आपले जुने लॅपटॉप विकायला काढले. त्यांतला एक त्याने साडेसहा हजारांना माझ्यासाठी घेतला. 'थिंकपॅड टी ४३०', २०१२ सालची घडण. कोपरे झिजलेले, कळफलकाच्या मधोमध एक लाल बोंड, आणि झाकणाच्या वरच्या कडेला कळांवर उजेड पाडणारा इवलासा दिवा.

मला तो कशासाठी हवा होता, ते सांगितले पाहिजे. मी शाळामास्तर होतो. नवी मुंबईसाठी पंचाण्णव गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले आणि त्यांच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच माणसे हुतात्मा झाली. पुढे २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि खाडीकाठची मिठागरे आणि शेते पाहता पाहता कंटेनरांखाली दिसेनाशी झाली. २००१ च्या सुमारास मी गावोगाव फिरून त्या लढ्यातल्या एकतीस जणांच्या आठवणी ऐकल्या आणि एका उसन्या संगणकावर टंकून ठेवल्या. त्या एकतिसांपैकी आज सहा जण हयात आहेत. आठवणी एका तबकडीवर होत्या, आणि ती वाचू शकेल असे यंत्र घरात उरले नव्हते.

पण मुळात हा लॅपटॉप म्हातारा ठरवला कोणी? त्याचे पडदा, कळा, मेंदू सारे शाबूत होते. बदलली होती ती कार्यप्रणाली, म्हणजे यंत्र आणि माणूस यांच्यामधला कारभारी. 'विंडोज १०' या कारभाऱ्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. थोडी वाढीव मुदत मिळण्याची सोय होती, पण मुदत ती मुदतच. २०२१ साली आलेल्या 'विंडोज ११'च्या अटी अशा की, ढोबळमानाने २०१८ च्या अलीकडचे प्रोसेसर आणि सुरक्षेची एक ठरावीक सोय असलेली यंत्रेच तिला चालतात. आमचा टी ४३० या परीक्षेत नापास. शिक्षक म्हणून मला हे खटकले. मुलगा हुशार आहे, पण त्याचे वय जास्त म्हणून त्याला वर्गात घेत नाही, असा हा प्रकार!

जुन्या संगणकांशी आपल्या देशाचे नाते मात्र आजचे नव्हे. १९६१ साली मुंबईत एस्सो कंपनीत आयबीएमचा १४०१ जातीचा संगणक बसला, तो आपल्याकडचा व्यापारी कामासाठी आलेला पहिला. त्यानंतर त्या कंपनीने येथे एक नामी धंदा मांडला. परदेशांतल्या ग्राहकांनी वापरून परत केलेली १४०१ यंत्रे मुंबईच्या कारखान्यात दुरुस्त करायची आणि आपल्या बँका, कारखाने, सरकारी खाती यांना भाड्याने द्यायची. तिकडे नव्या पिढीची यंत्रे येऊन गेली, तरी इकडे जुन्याचे भाडे चालूच. लोकसभेत आणि समित्यांत त्यावर बरीच टीका झाली. मला तिच्यात तथ्य दिसते, पण एक गोष्टही दिसते: जुने यंत्र असणे हा दोष नव्हता, त्याच्या किल्ल्या भाडे घेणाऱ्याच्याच खिशात होत्या, हा दोष होता.

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार भागभांडवल कमी करा, असे सरकारने सांगितले. आयबीएमने ते मानले नाही आणि १९७८ साली ती देशातून निघून गेली. मागे उरली शेकडो अनाथ यंत्रे. त्यांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने आपल्याकडे घेतली. घडवणारा निघून गेल्यावर यंत्र चालवत ठेवणे ही विद्या आपले तंत्रज्ञ त्या वेळी शिकले, आणि तीही अंगावर पडली म्हणून! (थिंकपॅडही मूळ त्याच आयबीएमचा, १९९२ सालचा. २००५ मध्ये तो धंदा लेनोव्हो या चिनी कंपनीकडे गेला.)

याच सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण एका छपाईयंत्रावर वैतागला होता. कागद अडकला की ते मुकाट्याने थांबे. त्याच्या आज्ञावलीत चार ओळी घालून 'कागद अडकला' असा निरोप पाठवणे त्याला सहज जमले असते. पण आज्ञावलीचा मूळ लेख द्यायला ज्याच्याकडे तो होता त्याने नकार दिला, कारण त्याने गुप्ततेचे वचन दिले होते. त्या नकारातून स्टॉलमनने १९८३ साली संपूर्ण मोकळी कार्यप्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये एक परवाना लिहिला. वापरा, पाहा, बदला, वाटा. मात्र वाटताना दुसऱ्यालाही तेच हक्क द्या, हे त्याचे सार. मला तो परवाना वाचताना आमच्याकडच्या सामाईक पाणवठ्याची आठवण झाली. पाणी कोणीही न्यावे, पण विहिरीला कुलूप लावू नये.

संकल्पाचे बहुतेक भाग तयार झाले, गाभा तेवढा रखडला. तो फिनलंडच्या एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने दिला. १९९१ च्या जानेवारीत त्याने ३८६ जातीचा संगणक घेतला, आणि त्या एका घरगुती यंत्रासाठी गंमत म्हणून लिहिलेला गाभा ऑगस्टमध्ये जगाला कळवला. कळवतानाही नम्रपणे सांगितले की, हा आपला छंद आहे, फार मोठे काही होणार नाही! १९९२ साली त्याने तो स्टॉलमनच्या परवान्याखाली आणला. आज त्या लिनक्सवर जगातले सर्वांत वेगवान महासंगणक चालतात आणि खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही त्याचाच गाभा असतो.

लिनक्स काही यंत्रांचे वृद्धाश्रम नव्हे, हेही सांगून टाकतो. ज्या ३८६ वर त्याचा जन्म झाला, त्या जातीला २०१३ च्या आवृत्तीत त्याने निरोप दिला. पण फरक असा की, त्याआधीच्या आवृत्त्यांचा मूळ लेख आजही कोणालाही मिळतो. ज्याला आजोबांना घरातच ठेवायचे असेल त्याला ते ठेवता येतात.

आमच्या दारापर्यंत या गोष्टीची दुसरी बाजूही आली आहे. जगभरच्या कचेऱ्या तीन-चार वर्षांत लॅपटॉप बदलतात आणि जुन्यांचे ढिगारे जहाजांत भरले जातात. आपल्या देशात जुने संगणक परवान्याविना आणता येत नाहीत, कारण वापरण्याजोगे यंत्र आणि विषारी कचरा यांना एकाच कंटेनरात लपवणे फार सोपे. २०२५ साली न्हावा शेवा येथे महसूल गुप्तचर संचालनालयाने काही कंटेनर उघडले. कागदोपत्री त्यांत ॲल्युमिनियमचे भंगार होते. निघाले १७,७६० जुने लॅपटॉप, आणि शिवाय हजारो प्रोसेसर. ती बातमी वाचून सौभाग्यवतींनी ओटीवरच्या यंत्राकडे संशयाने पाहिले. याची पावती आहे, असे पुतण्याला दोनदा सांगावे लागले.

मग एका रविवारी आम्ही बसलो. लिनक्स मिंटची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. यातली सोय मला फार आवडली: यंत्रात काही न बसवता, नुसत्या पेनड्राइव्हवरून नवा कारभारी चालवून पाहता येतो. पसंत पडला तर ठेवा. आम्ही ठेवला, पण घाईत पुतण्याने डिस्कचे भाग पाडताना अख्खी डिस्क पुसून टाकली. सुदैवाने तिच्यावर जुन्या कचेरीची वाहतुकीची कागदपत्रे सोडून काही नव्हते, आणि तीही खरे तर विकण्यापूर्वी पुसली जायला हवी होती! पाऊण तासात यंत्र उठले. चार जीबी स्मृतीवर ते माझ्यापेक्षा चपळ चालते. मराठीतल्या पाट्यांबद्दल मात्र तक्रार आहे. काही ठिकाणी मराठी, काही ठिकाणी इंग्रजी, आणि जिथे मराठी आहे तिथे मधूनच असा शब्द भेटतो की अर्थासाठी इंग्रजीच आठवावे. हे काम स्वयंसेवक करतात. तेव्हा तक्रार करणाऱ्यानेच दुरुस्ती करावी, असा तिथला रिवाज आहे. मी तीन शब्द सुचवले आहेत.

खरी परीक्षा तबकडीची होती. फाइली उघडल्या आणि पडद्यावर रोमन अक्षरे, टिंबे, कंस यांचा नुसता पाचोळा! माझ्या पोटात गोळा आला. २००१ मध्ये आम्ही ज्या फॉण्टात टंकत होतो, त्यांत देवनागरीचे नुसते सोंग असे. यंत्राच्या लेखी 'क' हा 'क' नव्हताच, रोमन चिन्हाच्या जागी 'क'चे चित्र बसवलेले. वास्तविक १९९१ सालीच युनिकोडमध्ये देवनागरीला हक्काचे घर मिळाले होते, आणि तेही आपल्याच 'इस्की' या भारतीय संकेतावरून. पण छापखान्यांना आणि आम्हांला ते कळायला पंधरा-वीस वर्षे गेली. नशीब असे की त्याच तबकडीत तो फॉण्टही होता. पुतण्याने तो योग्य जागी ठेवला, फाइल पुन्हा उघडली, आणि पाचोळ्यातून आमच्या भागातली बोली बोलू लागली. मग कोणते चिन्ह कोणत्या अक्षराचे, याचा तक्ता मी चार रात्री बसून केला, आणि त्यावरून पुतण्याने सारा मजकूर युनिकोडमध्ये आणला. ऱ्हस्व वेलांट्या सगळ्या चुकीच्या जागी पडल्या. त्या मी हाताने नीट केल्या, त्या लाल बोंडाची आता सवय झाली आहे.

भाऊबीजेच्या दिवशी माझी चुलतबहीण आली. एकतिसांतली ती एक. तेव्हा सासरच्या बायकांबरोबर मोर्चात गेली होती, आता तिला ऐकू कमी येते. तिचीच आठवण मी मोठ्याने वाचून दाखवली. झाकणाच्या दिव्याच्या उजेडात ती पडद्याकडे पाहत होती, वाचता येत नसूनही. भाकऱ्यांच्या टोपलीपर्यंत आलो आणि तिने हात वर केला.

"सतरा नाय रं. सत्तावीस व्हत्या. मीच थापल्या, मना ठाव हाय."

मी सतराचे सत्तावीस केले आणि पुढे वाचू लागलो.