दालचिनी आणि तज

दालचिनी हा लॉरेसी कुलातील सिनामोमम प्रजातीच्या काही सदाहरित वृक्षांच्या सालीपासून मिळणारा मसाल्याचा पदार्थ आहे. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या या सालीत वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने किमान चार निरनिराळ्या जाती येतात. त्यांपैकी श्रीलंका व दक्षिण भारतातील सिनामोमम व्हेरम (जुने नाव सिनामोमम झेलॅनिकम) हिला खरी दालचिनी म्हणतात. चीन, व्हिएतनाम व इंडोनेशियातील जातींच्या जाड सालीस तज किंवा कॅशिया असे नाव आहे. वासात साम्य असले तरी दोहोंच्या घटकांत, विशेषतः कौमरिन या द्रव्याच्या प्रमाणात, मोठा फरक असतो.

नावाविषयी

दालचिनी हा शब्द फारसी 'दारचिनी' यावरून आला. 'दार' म्हणजे लाकूड. अर्थात चीनचे लाकूड. तज हा शब्द संस्कृत 'त्वच्' (साल) याच्याशी जोडला जातो. म्हणजे व्युत्पत्ती पाहता चिनी झाडाला दालचिनी म्हणावयास हवे होते. व्यवहारात नेमके उलट झाले. भारताच्या अन्नसुरक्षा नियमांतही (२०११) 'तज' व 'दालचिनी' यांची मानके स्वतंत्र असून दालचिनी हे नाव केवळ सिनामोमम झेलॅनिकमच्या आतील सालीस दिले आहे. विदर्भात याच मसाल्याला 'कलमी' असेही म्हणतात. आयुर्वेदीय ग्रंथांत 'त्वक्' या नावाने तो येतो. त्रिजात म्हणजे त्वक्, वेलदोडा व तमालपत्र. त्यांत नागकेशर मिळविले की चातुर्जात होते. सितोपलादी चूर्णातही त्वक् असते.

खरी दालचिनी

या झाडाची खोडे जमिनीलगत छाटतात, म्हणजे बुंध्यापासून अनेक सरळ धुमारे फुटतात. दोन-तीन वर्षांचे, अंगठ्याएवढ्या जाडीचे धुमारे कापून त्यांची बाहेरची खरखरीत साल खरवडून टाकतात. मग पितळी दांड्याने घासून आतील साल सैल करतात, तिला उभी चीर देतात आणि ती अखंड सोडवून घेतात. अशा पातळ साली एकात एक घालून त्यांच्या लांब नळ्या तयार होतात. त्या आधी सावलीत वाळवितात. श्रीलंकेत नळीच्या जाडीवरून प्रत ठरते. सर्वांत बारीक प्रतीस 'अल्बा' म्हणतात. सोलणाऱ्याच्या हाताचे कसब येथे मालाच्या किमतीत थेट उतरते, आणि ही दालचिनी महाग असण्याचे ते एक मोठे कारण आहे. याच मालासाठी सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज, डच व इंग्रज यांनी श्रीलंकेचा किनारा एकामागून एक ताब्यात घेतला.

तजाचे प्रकार

चिनी तज (सिनामोमम कॅशिया) तिखट व किंचित तुरट असतो. इंडोनेशियातील सिनामोमम बर्मानी ही जात मुख्यतः सुमात्रा बेटावरून येते. तिची साल कठीण असून दोन्ही कडांनी आत वळलेली असते. सिनामोमम लौरेरॉय ही व्हिएतनामची जात सायगाव दालचिनी या नावाने प्रसिद्ध आहे. भारतात तजाची मोठी आयात व्हिएतनाममधून होते. रिसोड-वाशीमकडील किराणा दुकानात 'दालचिनी' म्हणून पुडीत बांधून मिळणारे जाड, गडद तपकिरी तुकडे बहुधा तजाचेच असतात. वऱ्हाडी काळ्या मसाल्यात किंवा रश्श्यात त्याने काही बिघडत नाही. उलट तेलात परतल्यावर टिकणारा उग्र वास तेथे हवाच असतो.

ओळख

खऱ्या दालचिनीची साल कागदासारखी पातळ, फिकट तांबूस व बोटांनी सहज चुरडणारी असते. नळीचे टोक पाहिले की आत अनेक पदर दिसतात. तजाच्या सालीचा एकच जाड पदर असतो व तो मोडावयास जोर लागतो. पेन्सिलीभोवती गुंडाळता येण्याइतकी पातळ ती दालचिनी, ही साधी कसोटी आहे. पूड मात्र नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कठीण. म्हणून रोजच्या सेवनासाठी साल आणून घरी कुटणे बरे.

कौमरिन व सेवनाचे प्रमाण

तजात कौमरिन पुष्कळ, तर खऱ्या दालचिनीत अत्यल्प असते. अधिक मात्रेत ते काही व्यक्तींच्या यकृतास अपाय करते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दररोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे. तजाच्या पुडीत एका ग्रॅममागे सुमारे ३ मिलिग्रॅम कौमरिन धरले, तर ६० किलो वजनाच्या माणसाची मर्यादा २ ग्रॅम पुडीत, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याच्या आतच, पूर्ण होते. १५ किलोच्या बालकासाठी ती अर्धा ग्रॅम ठरते. भाजीतील एखाद्या तुकड्याने ही मात्रा गाठली जात नाही. प्रश्न उद्भवतो तो मधुमेहावर किंवा वजन घटविण्यासाठी महिनोन् महिने रोज पूड घेणाऱ्यांचा. २०२० साली आयुष मंत्रालयाने सुचविलेल्या काढ्यात दालचिनी होती, आणि घरोघरी तो केला गेला. डब्यात तज आहे की दालचिनी हे मात्र फारच थोड्यांनी पाहिले असेल. यकृताचा विकार असणाऱ्यांनी नियमित सेवनापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

महाराष्ट्रातील लागवड

खऱ्या दालचिनीस उष्ण, दमट हवा व भरपूर पाऊस लागतो. त्यामुळे विदर्भाच्या कोरड्या हवेत ती पीक म्हणून घेतली जात नाही, पण कोकणात उत्तम येते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' ही जात विकसित केली आहे. रत्नागिरीजवळील भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राच्या 'लाखी बाग' पद्धतीत नारळाच्या सावलीत जायफळ व काळी मिरी यांच्यासोबत दालचिनी लावतात.

कोकणात या झाडाची वाळलेली पाने तमालपत्र म्हणून वापरतात. बाजारातील तमालपत्र मात्र हिमालयाच्या पायथ्याशी वाढणाऱ्या सिनामोमम तमाला या भगिनी-जातीचे असते. दोन्ही पानांवर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा असतात. दालचिनीच्या पानांच्या तेलात युजेनॉल अधिक असल्याने त्याला लवंगेसारखा वास येतो, तर सालीच्या तेलाचा वास सिनामाल्डिहाइडमुळे असतो.