टिळकांच्या घरातलं कार्ड आणि एक पिवळं रसायन

आजच्या भागात इतिहासासोबत थोडी केमिस्ट्री आहे. घाबरू नका, फॉर्म्युला पाठ करायचा नाहीये.

आधी एक प्रश्न. तुम्ही फोनवर काय काय शोधलंत, ते उद्या कोणी कोर्टात वाचून दाखवलं तर? १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या बाबतीत जवळपास हेच झालं. फक्त फोनच्या जागी एक साधं कार्ड होतं आणि त्यावर स्फोटकांवरच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावं होती.

पण त्या कार्डाकडे जाण्याआधी हे रसायन समजून घेऊ.

आंबीची मंडळी पुण्याला निघाली की तळेगावहून लोकल पकडतात. वाटेत देहूरोड लागतं, मग खडकी. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. त्याच वर्षी मार्च महिन्यात तिकडे पॅरिसमध्ये, सोर्बोनच्या चौकातल्या एका रसायनांच्या दुकानात मोठा स्फोट झाला आणि माणसं मेली. स्फोट झाला तो पोटॅशियम पिक्रेटचा. पिक्रेट म्हणजे पिक्रिक ॲसिडचा क्षार.

हे पिक्रिक ॲसिड गंमतशीर आहे. १७७१ साली पीटर वुल्फ यांनी निळीवर नायट्रिक ॲसिडची क्रिया करून ते मिळवलं. रंग पिवळाधमक, चव कडू. ग्रीक भाषेत 'पिक्रोस' म्हणजे कडू, त्यावरून हे नाव पडलं. सुरुवातीला लोक त्यानं रेशीम रंगवायचे. पुढे भाजलेल्या जखमांवरच्या पट्टीतही ते वापरलं गेलं. म्हणजे रंगारी आणि डॉक्टर दोघांच्याही कामाची वस्तू. १८७१ मध्ये स्प्रेंगेल यांनी दाखवून दिलं की याचा जबरदस्त स्फोट होऊ शकतो. १८८५ मध्ये फ्रान्सच्या तुर्पां यांनी ते तोफगोळ्यात भरायचं तंत्र काढलं.

आता खरी मेख ऐका. पिक्रिक ॲसिड स्वतः तसं बऱ्यापैकी शांत असतं. पण ते ॲसिड आहे, त्यामुळे शिसं, लोखंड, तांबं अशा धातूंशी किंवा त्यांच्या ऑक्साइडशी गाठ पडली की त्याचे क्षार बनतात. यातले काही क्षार इतके नाजूक की नुसतं घर्षण किंवा ठोका पुरतो. म्हणून तोफगोळ्यांना आतून व्हर्निश लावायचे, ॲसिड लोखंडाला चिकटू नये म्हणून. १८८७ साली मँचेस्टरच्या कॉर्नब्रुक भागात रंगाच्या एका कारखान्याला आग लागली. वितळलेलं पिक्रिक ॲसिड वाहत शिशाच्या ऑक्साइडपर्यंत गेलं, त्यातून लेड पिक्रेट बनलं आणि कारखाना उडाला.

पण सगळेच पिक्रेट असे नसतात हां! अमोनियम पिक्रेट उलट इतकं सोशीक, की अमेरिकन नौदलानं ते चिलखत भेदणाऱ्या गोळ्यांत भरलं. गोळा जहाजाच्या पोलादावर आदळला तरी ते लगेच फुटत नसे, आत शिरल्यावर फुटे. आम्ल तेच, फक्त जोडीदार बदलला की स्वभाव बदलतो.

आता येऊ १९०८ कडे. बंगालचे हेमचंद्र दास आणि आपल्या पारनेरचे पांडुरंग महादेव बापट पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या शिकून आले होते. हेच ते बापट, पुढे मावळच्या शेजारी मुळशीत धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा करणारे सेनापती बापट. हेमचंद्रांनी मॅजिस्ट्रेट किंग्जफर्डसाठी एक जाडजूड कायद्याचं पुस्तक पोकळ करून त्यात कोकोच्या डब्याचा बॉम्ब बसवला. डब्यात पिक्रिक ॲसिड होतं. किंग्जफर्डनं ते पुस्तक उघडलंच नाही! मग ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी त्याची समजून एका बग्गीवर बॉम्ब टाकला. पण बग्गीत केनेडी मायलेकी होत्या. दोघी गेल्या.

सरकारनं झपाट्यानं ८ जूनला स्फोटक पदार्थांचा कायदा आणला. त्यात व्याख्या अशी, की स्फोटक बनवायचं साहित्यही स्फोटकच धरायचं. आणि संशयास्पद परिस्थितीत अशी वस्तू सापडली, तर ती कायदेशीर कामासाठी होती हे आरोपीनंच दाखवायचं.

विचार करा. जी वस्तू रंगाऱ्याकडेही असते, दवाखान्यातही असते आणि बॉम्बमध्येही, तिच्याबाबत ही व्याख्या कुठे थांबणार? दुसऱ्याच दिवशी, ९ जूनच्या केसरीत 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हा अग्रलेख आला. त्याचा रोख असा, की बॉम्बला मोठे कारखाने लागत नाहीत, ती एक विद्या आहे, आणि विद्या कायद्यानं अडवता येत नाही. लोकांना हक्क द्या, हाच खरा उपाय.

२४ जूनला टिळकांना मुंबईत अटक झाली आणि पुण्याच्या घराची झडती झाली. त्यात ते कार्ड सापडलं. ते कोर्टात पुरावा म्हणून आलं. टिळकांचं उत्तर सरळ होतं. नव्या कायद्यावर लिहायचं, तर त्यातली स्फोटकाची व्याख्या तपासायला नको का? त्यासाठी पुस्तकं हवी होती. म्हणजे जो माणूस एखाद्या कायद्यावर टीका करण्याआधी विषय वाचायला निघाला, त्याची वाचनाची यादीच त्याच्यासमोर ठेवली गेली. खटला राजद्रोहाचा होता आणि मुख्य आधार लेखांचाच होता. पण ज्युरीपुढे बॉम्बची सावली पाडायला एक कार्ड पुरेसं होतं. २२ जुलैला ज्युरीचा कौल सात विरुद्ध दोन असा आला. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली. टिळक मंडालेला गेले.

तो कायदा काही दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. आणि पिक्रेट? तेही आपल्या आसपासच आहे. रक्तातलं क्रिएटिनिन मोजायची १८८६ सालची याफे यांची पद्धत अजून कितीतरी लॅबमध्ये वापरतात. त्यात अल्कलीतलं पिक्रेट क्रिएटिनिनशी मिळून नारिंगी-लाल रंग देतं आणि आजोबांच्या किडनीची तब्येत कळते.

जाता जाता एक कामाची गोष्ट. कॉलेजच्या लॅबमध्ये पिक्रिक ॲसिड पाण्यात भिजलेलंच ठेवतात. कपाटात कोरडी पडलेली जुनी बाटली दिसली, तर हात लावू नका आणि झाकण तर मुळीच फिरवू नका. लांबूनच सरांना सांगा.

धोका ओळखायला आधी वाचावं लागतं. म्हणून कोणी काय वाचलं, यावरून त्याच्या मनात काय होतं हे ठरवणं १९०८ मध्येही घाईचं होतं आणि आजही आहे. तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!