आगमनकाल व नाताळ
ख्रिस्ती उपासनावर्षाच्या आरंभीचा सज्जतेचा काल आणि त्याच्या अखेरीस येणारा येशू ख्रिस्ताचा जन्मोत्सव. पश्चिमी परंपरेत आगमनकाल नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी सुरू होऊन २४ डिसेंबरला संपतो. मूळ लॅटिन संज्ञा ‘आद्‌व्हेंतुस’ म्हणजे येणे. रोमन साम्राज्यात सम्राटाच्या नगरप्रवेशासही ती लावीत. ‘नाताळ’ हा मराठी शब्द जन्मवाचक पोर्तुगीज शब्दावरून आला आहे.

येशूची जन्मतिथी शुभवर्तमानांत दिलेली नाही. आरंभीच्या ख्रिस्ती समाजाचा भर त्याच्या मृत्यूवर व पुनरुत्थानावर होता. २५ डिसेंबर या दिवसाची नोंद रोममधील ३५४ च्या एका संकलनात मिळते. तिचे मूळ ३३६ पर्यंत मागे नेले जाते. या दिवसाच्या निवडीविषयी दोन मते आहेत : सम्राट ऑरीलियनने २७४ मध्ये राजमान्यता दिलेल्या ‘अजिंक्य सूर्य’ या देवतेच्या उत्सवाची जागा नाताळाने घेतली, हे एक मत, तर येशूचा गर्भसंभव २५ मार्चला झाला असे धरून त्यापुढे नऊ महिने मोजले गेले, हे दुसरे. आर्मेनियन चर्च मात्र आजही ६ जानेवारीलाच जन्मोत्सव साजरा करते.

उत्सव आधी रूढ झाला व त्याच्या प्रतीक्षेचा काल नंतर आकारास आला. स्पेनमधील सारागोसा येथील धर्मसभेने ३८० मध्ये १७ डिसेंबर ते ६ जानेवारी या काळात श्रद्धावंतांनी चर्चमध्ये नियमित यावे, असे ठरविले. पाचव्या शतकात गॉलमधील तूरचा बिशप पर्पेच्युअस याने ११ नोव्हेंबरपासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन उपवास घालून दिले. पुढे रोममध्ये चार रविवारांची प्रथा स्थिरावली. मिलानच्या परंपरेत आगमनकाल आजही सहा आठवड्यांचा असतो.

नाताळ हे केवळ स्मरण की त्याहून अधिक काही, हा प्रश्न प्रारंभापासून चर्चिला गेला. ऑगस्टीनच्या मते पुनरुत्थानाचा सण हा श्रद्धावंतास सहभागी करून घेणारा गूढविधी होय, तर नाताळ ही घडून गेलेल्या घटनेची आठवण. पोप पहिला लिओ (कार. ४४०–४६१) याने मात्र ख्रिस्ताच्या जन्मातच ख्रिस्ती समाजाचाही जन्म पाहिला. बाराव्या शतकात क्लेअरव्होचा बर्नार्ड याने तीन आगमने सांगितली : देह धारण करून झालेले, युगान्ती वैभवाने होणारे आणि या दोहोंमध्ये भक्ताच्या अंतःकरणात गुप्तपणे घडणारे. उपासनेतील वाचनेही याच अर्थाला धरून आहेत. प्रारंभीच्या रविवारी युगान्ताविषयीचे व बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे उतारे असतात. मरियेचे प्रसंग शेवटी येतात. म्हणजे झालेल्या जन्माची आठवण आणि न झालेल्या न्यायाची वाट, असे दोन्ही भाव या कालात एकत्र नांदतात.

या प्रतीक्षेचा कस विसाव्या शतकात लागला. नाझी राजवटीत बर्लिनच्या टेगल तुरुंगात असलेल्या डीट्रिख बोनहफर याने १९४३ मध्ये आगमनकालाची तुलना कोठडीशी केली. तिचे दार बाहेरूनच उघडू शकते, असा त्याचा आशय होता. त्याच तुरुंगात जेझुइट धर्मगुरू आल्फ्रेड डेल्प याने डिसेंबर १९४४ मध्ये हातांत बेड्या असताना आगमनकालावर चिंतने लिहिली. डेल्पला २ फेब्रुवारी १९४५ रोजी, तर बोनहफरला ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी देण्यात आली. दोघांच्याही लेखनात प्रतीक्षा म्हणजे निष्क्रियता नव्हे. माणूस स्वतःचे तारण स्वतः करू शकत नाही, या जाणिवेने जागे राहणे होय.

मराठीत हा विचार फादर टॉमस स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणाच्या (१६१६) रचनेतच दिसतो. त्याचे ‘पैलें पुराण’ विश्वाच्या उत्पत्तीपासून तारकाच्या वचनाची कथा सांगते व ‘दुसरें पुराण’ त्याच्या जन्माची व कार्याची. जन्मकथेपूर्वी वाचकाला दीर्घ प्रतीक्षेतून नेणारी ही योजना आगमनकालाच्या आशयाशी जुळते. आज अनेक देशांत डिसेंबरच्या प्रारंभापासूनच खरेदी व मेजवान्या सुरू होतात आणि प्रतीक्षा उत्सवातच विरून जाते. या सणाला आगमनकालाची जोड नसेल, तर नाताळ हा केवळ एका बालकाचा जन्मदिन उरतो.