गिरणीच्या लेथवरून मोटारीच्या सुट्या भागाकडे
मुंबईत बाजारात न मिळणारा सुटा भाग कातून घेण्याची रीत आयातबंदीमुळे पडली, असे सर्रास म्हटले जाते. मला ते अपुरे वाटते. टंचाई तर देशभर होती; मुंबईतल्या या रिवाजाचे मूळ मला गिरण्यांत दिसते. १८५६ मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली सूतगिरणी सुरू झाली, तेव्हा यंत्रे विलायतेची. मोडलेल्या दातेरी चक्रासाठी बोटीची वाट पाहणे परवडत नसे. म्हणून गिरण्यांनी आपापले मेकॅनिक खाते पोसले. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेने या कामाला शिक्षणाची जोड दिली. हेच कसब मोटारीच्या कामाला लागते. परक्या इंजिनाला जुना गिअरबॉक्स जोडायचा, तर मधली प्लेट कातताना दोन्ही शाफ्टांचा मध्य तंतोतंत जुळावा लागतो. जरा सरकला की बेअरिंग गेलेच. ही नजर टंचाई देत नाही, कसलेल्या टर्नरच्या हाताखाली काढलेली वर्षे देतात. १९८२ च्या गिरणी संपानंतर परळ-लालबागच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तशी टर्नर घडवणारी ही मेकॅनिक खातीही गेली.