नकाशावरचे स्टेशन

वैमानिकाच्या प्रशिक्षणात नकाशा आणि होकायंत्र यांना मोठे स्थान असते. विमान गमावल्यावरही ही विद्या कामास येते.

फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचे सुखोई-७ विमान १० डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानात पाडले गेले. पुढे रावळपिंडीच्या छावणीत युद्धकैदी वैमानिकांनी शिवणाची सुई चुंबकित करून होकायंत्र बनवले. आपण वर्गात करतो तोच हा प्रयोग! १३ ऑगस्ट १९७२ च्या पहाटेपूर्वी परुळकर, गरेवाल आणि हरीश सिंहजी भिंतीला पाडलेल्या भोकातून निसटले. पेशावरमार्गे ते खैबर खिंडीतल्या लंडीकोतलला पोहोचले. अफगाण सरहद्द आता काही मैलांवरच होती.

तेथे त्यांनी लंडीखान्याची वाट विचारली. नकाशात ते रेल्वेचे शेवटचे स्टेशन होते. प्रत्यक्षात १९२६ मध्ये तेथवर नेलेली गाडी इंग्रजांनी १९३२ मध्येच बंद केली होती. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेले स्टेशन शोधणारे हे तिघे कोण, असा संशय आला आणि ते पकडले गेले. सुईने दगा दिला नव्हता. नकाशा शिळा होता. छपाईचे साल आपणही क्वचितच पाहतो.

१ डिसेंबर १९७२ रोजी वाघा सीमेवरून हे कैदी मायदेशी परतले.