पाळी जाण्याचा काळ आणि एक औषध

पन्नाशीच्या सुमारास स्त्रीचे रज थांबते, ही नोंद सुश्रुतसंहितेत आहे. तरीही पाश्चात्त्य वैद्यकात या अवस्थेला 'मेनोपॉज' हे नाव दिले ते गार्दान नावाच्या फ्रेंच वैद्याने, १८२१ साली. आमच्या गोंदियाकडे बायका 'पाळी गेली' एवढेच म्हणतात, आणि तेही हलक्या आवाजात. पाळी जाण्याआधीची चार-पाच वर्षे मात्र या दोन शब्दांत कोठेच बसत नाहीत. पाळी कधी वीस दिवसांनी येते, कधी दोन महिने येत नाही. अंगातून एकाएकी वाफ निघाल्यासारखे होते, रात्री घामाने अंथरूण भिजते, झोप मोडते. चिखलात वाकून धानाची रोवणी करणारी बाई हे सारे उन्हावर आणि कष्टावर लोटते.

या काळात औषध द्यावे काय, या प्रश्नाचा इतिहास फार जुना नाही. १९२९ साली अमेरिकेत डॉईझी आणि जर्मनीत बुटेनांट यांनी स्वतंत्रपणे एक स्त्रीसंप्रेरक वेगळे काढले. १९४२ साली गाभण घोडीच्या मूत्रापासून केलेली 'प्रेमॅरिन' गोळी अमेरिकेत विक्रीस आली. १९६६ साली रॉबर्ट विल्सन या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 'फेमिनिन फॉरएव्हर' हे पुस्तक लिहून रजोनिवृत्तीला उणिवेचा रोगच ठरवले, आणि चिरतारुण्याची आशा लावली. १९७५ साली दिसून आले की, नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. म्हणून गर्भाशय असलेल्या स्त्रीला जोडीने प्रोजेस्टेरॉन किंवा तत्सम औषध देणे आवश्यक मानले गेले.

पुढे २००२ साली अमेरिकेतील १६,६०८ स्त्रियांवरचा मोठा प्रयोग मध्येच थांबवण्यात आला. जोड-औषध घेणाऱ्यांत दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ८ जणींना स्तनाचा कर्करोग अधिक होत होता. जगभर डॉक्टरांनी हात आखडता घेतला. पण त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते! पंचेचाळिशीतल्या बाईच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हते. आधी आशेने अतिरेक केला, मग भीतीने. जिची झोप मोडत होती तिला दोन्ही वेळा कोणी नीट विचारले नाही.

आपल्या महाराष्ट्रात तर याहून कठोर गोष्ट घडली. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ साली विधान परिषदेत सांगण्यात आले. त्यांत ऊसतोड कामगार स्त्रिया होत्या. 'पिशवी काढून टाका' हा सल्ला आमच्याकडेही अपरिचित नाही. पिशवीबरोबर बीजकोशही गेले, तर जे वर्षानुवर्षांत हळूहळू व्हायचे ते एका दिवसात होते. चाळिशीच्या आत असे झाले, तर हाडे व हृदय जपण्यासाठी संप्रेरकाचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा.

इतर स्त्रियांनी तो केव्हा करावा? वाफा आणि घाम यांनी झोप आणि काम बिघडू लागले की करावा. पाळी पुरती जाण्याची वाट पाहू नये. पंचेचाळिशीनंतर निदानाला सहसा रक्ततपासणीही लागत नाही. वय साठीच्या आत असेल, किंवा पाळी जाऊन दहा वर्षे झाली नसतील, आणि अन्य अडचण नसेल, तर बहुतेकींना लाभ अधिक, असे आजचे वैद्यक मानते. स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा यकृताचा विकार होऊन गेला असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. आपल्या भागात सिकलसेल आहे. त्या आजारात गुठळीचा धोका मुळातच जास्त, म्हणून तोही सांगावा. गोळीपेक्षा त्वचेवरची पट्टी किंवा जेल गुठळीच्या दृष्टीने सुरक्षित समजतात. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर औषधाची गोष्ट बाजूला ठेवून प्रथम तपासणी करावी.

गोंदियात बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आहे, २०१६ पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण माझ्या पाहण्यातल्या बहुतेक बायकांचे रुग्णालयाशी नाते शेवटच्या बाळंतपणाबरोबर संपते. त्यानंतर तीस-चाळीस वर्षांचे आयुष्य उरलेले असते. औषध घ्यायचे की नाही, हे तिने ठरवावे, पण ठरवण्यासाठी तिला आधी विचारता आले पाहिजे, आणि घरातल्या कोणीतरी म्हटले पाहिजे, "चल, मी येतो बरोबर."