वाचता येणे आणि वाचावेसे वाटणे

मुलाला वाचता येते का, हे शाळा दीडशे वर्षांपासून तपासत आली आहे. त्याला वाचावेसे वाटते का, हे मोजण्याचा विचार मात्र फार उशिरा आला. पनवेल तालुक्यातील गव्हाणसारख्या खाडीकाठच्या गावात हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो.

१८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खाते सुरू झाले. इंग्लंडने १८६२ मध्ये परीक्षेच्या निकालावर शाळेचे अनुदान ठरवण्याची पद्धत आणली आणि इलाख्यातील अनुदानित शाळांनाही ती लागू झाली. तपासनीस येई, मुलगा उभा राहून धडा वाची आणि त्या वाचनावर शाळेचे पैसे ठरत. साहजिकच धडे घोकून घेतले जात.

पुढे पद्धती बदलल्या, पण कसोटी कौशल्याचीच राहिली. २००५ पासून ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण मुलांना घरी जाऊन एक कागद दिला जातो. त्यावर अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि गोष्ट असते. वाचनाबाबत मूल कोणत्या पायरीपर्यंत पोचते, एवढेच नोंदले जाते.

आवड मोजण्याची साधने अमेरिकेत घडली. मॅकेना आणि किअर या संशोधकांच्या १९९० च्या चाचणीत वीस प्रश्न आहेत. सुट्टीत पुस्तक वाचायला कसे वाटेल, असे विचारून गारफिल्ड मांजराच्या चार मुद्रा दाखवतात. मूल अतिशय आनंदी ते अतिशय नाराज यांपैकी एकीवर खूण करते. निम्मे प्रश्न करमणुकीच्या वाचनाचे, निम्मे अभ्यासाच्या. १९९७ मध्ये विगफील्ड आणि गथ्री यांनी कुतूहल, स्पर्धा, गुण, टाळाटाळ अशी वाचनामागची कारणेही वेगळी काढली.

महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबर, डॉ. कलाम यांचा जन्मदिन, ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. त्या दिवशी सगळेच वाचतात. प्रेरणा टिकली का, हे इतर दिवशीच कळते. गव्हाणमध्ये आवडीची अशी चाचणी घेतली, तर आगरी बोली बोलणाऱ्या घरातील मुलाला प्रमाण मराठीतला प्रश्न परका वाटू शकतो, आणि गुरुजींना आवडेल तेच उत्तर तो देऊ शकतो. म्हणून प्रश्न त्याच्या बोलीत, नाव न लिहिता विचारावेत आणि ग्रंथालयातून स्वतःहून नेलेल्या पुस्तकांशी उत्तरे ताडून पाहावीत. या मोजणीवर गुण किंवा अनुदान मात्र कधीही ठरवू नये. नाहीतर आवडीचेही पाठांतर होईल.